‘सहकार्य करावे’ म्हणजे नेमकं काय करावे?

शाळेचा उंबरा : लेखांक ६

मागच्या आठवड्यात आपण दिव्यांगत्वाच्या दाखल्यापर्यंत आलो होतो. जिल्हा रुग्णालयाच्या खेपा झाल्या, यूडीआयडी कार्ड हातात पडलं. इथे पुष्कळ पालक सुटकेचा श्वास टाकतात. आता कार्ड दाखवलं की शाळा काय ते बघेल! शाळा कार्डाची झेरॉक्स घेते, फायलीला लावते आणि वर्गात सगळं होतं तसंच चालू राहतं. कार्डावर टक्के असतात. पोरीला दुसऱ्या मजल्यावर चढवत नाही, हे कार्डावर नसतं. ते आपल्यालाच लिहावं लागतं, आणि आजचा लेख त्या लिहिण्याबद्दल आहे.

एक आई तिचा अर्ज घेऊन माझ्याकडे आली होती. मुलगी नववीत, सेरेब्रल पाल्सी, उजवा हात आखडलेला, चालते ती भिंत धरून. अर्जात लिहिलं होतं, ‘माझी मुलगी दिव्यांग असून तिची परिस्थिती बिकट आहे. तरी सहानुभूतीपूर्वक विचार करून सहकार्य करावे, ही नम्र विनंती.’ अक्षर वळणदार, एक खाडाखोड नाही. खाली मुख्याध्यापकांचा शेरा होता : ‘सहकार्य करण्यात येईल.’ सही, शिक्का, फाइल बंद. मला त्या मुख्याध्यापकांचा राग आला नाही. मागितलं तेवढं त्यांनी दिलं होतं.

मग आम्ही दोघी बसलो आणि मुलीचा शाळेतला दिवस घंटेबरहुकूम लिहून काढला. दप्तर वर कोण नेतं? फळ्यावरचं किती उतरवून होतं? डबा कुठे खाते? मधल्या सुट्टीत खाली येते का? आई सहज म्हणाली, ‘‘ताई, ती शाळेत पाणीच पीत नाही. संडास मैदानापलीकडे आहे ना.’’ सहा तास पाणी न पिणारी मुलगी, आणि अर्जात त्याचं अक्षर नाही! पण घरच्यांना या गोष्टी इतक्या अंगवळणी पडलेल्या असतात की त्या मागायच्या असतात, हेच सुचत नाही.

नवा अर्ज पानभराचाच झाला. नववी ‘ब’चा वर्ग तळमजल्यावर आणावा, मुलीची तुकडी बदलू नये, तिच्या मैत्रिणी याच तुकडीत आहेत. शिक्षकांच्या खोलीजवळचं शौचालय तिला वापरू द्यावं आणि आत धरायला दांडी बसवावी. फळ्यावरचं उतरवण्याऐवजी शेजारणीच्या वहीचा फोटो घेऊ द्यावा. घटक चाचणीपासूनच लेखनिक आणि जादा वेळ द्यावा. प्रत्येक मागणीपुढे ती का, याचं एक वाक्य. ‘बिकट’ हा शब्द आम्ही काढून टाकला.

यातलं काहीही उपकारात मोडत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली झाला, १९ एप्रिल २०१७पासून लागू आहे. त्याच्या १६व्या कलमात शाळेची इमारत वापरता येण्याजोगी करणं आणि त्या त्या मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करणं ही जबाबदारी येते. १७व्या कलमात जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट येते. इंग्रजी मसुद्यात या सोयीला ‘रिझनेबल अकॉमोडेशन’ म्हटलंय. वाजवी म्हणजे, देणाऱ्यावर अवाजवी बोजा पडू नये इतकी. वर्ग खाली आणायला दमडी लागत नाही. दांडी कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. आपल्याकडे मात्र या सगळ्याला सरसकट ‘सवलत’ म्हणतात आणि मला तो शब्द खुपतो. सवलत म्हटलं की देणाऱ्याची मर्जी आली, आणि मागोमाग ‘मग इतर मुलांवर अन्याय नाही का?’ हा प्रश्नही आला. चष्मा लावून पेपर लिहिणाऱ्याला असं कुणी विचारत नाही.

आता लेखनिक. पालकांची सगळ्यात जास्त दमछाक इथेच होते. दहावीला लेखनिक खालच्या इयत्तेतला लागतो. नववीतला शहाणा मुलगा सापडतो, तो हो म्हणतो, आणि त्याची आई नाही म्हणते, कारण त्याची स्वतःची परीक्षा तोंडावर. तो मिळाला तरी सराव लागतो. सांगणं आणि लिहिणं ही दोन वेगळी कामं आहेत. या मुलीने घरी पहिल्यांदा भूमितीचा पेपर सांगितला, तेव्हा ‘बिंदू ए मधून लंब टाक’ म्हटल्यावर लेखनिकाने तो त्रिकोणाबाहेरच टाकला. कुठून, कुठवर, कुठल्या बाजूला, हे तिने सांगितलंच नव्हतं. तीन तासांच्या पेपरला तिला तास जादा मिळणार, कारण केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत तासामागे किमान २० मिनिटं आहेत. सराव नसेल तर तो तास खोडण्यातच जातो. म्हणून लेखनिक घटक चाचणीपासून मागायचा. बोर्डाकडे प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाला जातो. दहावीचे फॉर्म भरले जात असतानाच तो तयार हवा. फेब्रुवारीत धावाधाव करून काही हाती लागत नाही.

‘कार्डावर चाळीस टक्के नाहीत, म्हणून लेखनिक नाही’ असं उत्तर मिळालं तर एक निकाल लक्षात ठेवा. विकास कुमार या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा विकार होता आणि यूपीएससीने त्याला लेखनिक नाकारला होता. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लेखनिकासाठी चाळीस टक्क्यांची अट घालता येत नाही. लिहिण्यात अडचण आहे का, ते बघा. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातलं अवनी प्रकाशचं प्रकरण मात्र चटका लावणारं आहे. डिस्ग्राफिया असलेल्या या मुलीला ‘नीट’ला तासभर जादा वेळ मिळायचा होता, केंद्रावर तो मिळाला नाही. तिची बाजू न्यायालयाने मान्य केली, पण फेरपरीक्षा दिली नाही. तेव्हा मंजुरीचं पत्र मिळालं की त्याच्या दोन प्रती काढा आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी केंद्रसंचालकांना भेटून या.

आणि पोच घ्या. अर्जाची दुसरी प्रत, तिच्यावर आवक क्रमांक, तारीख, शिक्का. ‘साहेब मीटिंगला गेलेत, ठेवून जा’ म्हणाले तरी आवकचा टेबल उघडाच असतो. पोच नसेल तर पुढे गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे किंवा पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे जाताना हातात काय असणार?

शाळेबाहेरही हीच रीत. नगरपालिकेचं उन्हाळी शिबिर, जलतरण तलाव, वाचनालय. खेळ आणि करमणूक हेही या कायद्यात आहेत. ‘माझ्या मुलाला घ्याल का?’ असं विचारू नका. फॉर्म भरा आणि सोबत लिहून द्या : मुलाला ऐकू येत नाही, शिट्टीऐवजी झेंडी दाखवावी. खेड्यात ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चावे लागतात. ग्रामसभेत उठून ‘त्यातले किती उरले?’ असं विचारलं की सभा जरा सावरून बसते, असा माझा अनुभव आहे. त्यावर सविस्तर पुढच्या लेखांकात.

त्या आईचा परवा फोन आला. वर्ग खाली आलाय, फोटोंना परवानगी मिळालीये, शौचालयात दांडीही बसलीये. भिंतीच्या उजव्या बाजूला! उजवा हात तर आखडलेला. चूक आमचीच, बाजू लिहायची राहिली होती. तिने त्याच संध्याकाळी दुसरा अर्ज लिहिला, एका ओळीचा, आणि सकाळी पोच घेऊन आली.