गाताना चीज विसरली तर

घरी बिनचूक म्हटलेली चीज श्रोत्यांपुढे बसताच मध्येच आठवेनाशी होते. अशा वेळी पुष्कळ मुले आपल्या बुद्धीला दोष देतात, आणि काही तर गाणेच सोडून देतात. वस्तुतः दोष बहुधा बुद्धीचा नसतो. चीज पाठ करण्याच्या रीतीचा असतो.

आरंभापासून अखेरपर्यंत एकसारखी घोकलेली चीज स्मरणात साखळीसारखी राहते. एक कडी पुढच्या कडीची आठवण करून देते. भीतीने लक्ष क्षणभर विचलित झाले, की एखादी कडी निसटते आणि पुन्हा पहिल्यापासून म्हटल्यावाचून पुढचे सुचत नाही.

म्हणून चीज अनेक वाटांनी स्मरणात उतरवावी. प्रथम तिचे शब्द अर्थासह म्हणावेत. मग शब्द बाजूला ठेवून केवळ स्वर गावेत. त्यानंतर हाताने ताल धरून कोणते अक्षर कोणत्या मात्रेवर पडते, ते पाहावे. त्रितालाच्या मात्रा १६. त्यांतील पहिली ही सम आणि ९ वी ही खाली. त्रितालातील अनेक चिजा खालीपासून उचलून समेवर आणतात. चिजेच्या या आरंभीच्या तुकड्यास मुखडा म्हणतात. स्थायी न म्हणता एकदम अंतऱ्यापासून प्रारंभ करता येतो का, हेही पाहावे. एकाच दिवशी पन्नास वेळा घोकण्यापेक्षा रोज थोडा वेळ, पुस्तक मिटून, आठवून म्हणणे अधिक हिताचे.

पूर्वी चिजा मुख्यतः गुरुमुखातून मिळत. जाणता गायक गेला की त्याच्या कित्येक चिजाही लोपत. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी अशा असंख्य चिजा परिश्रमाने जमवून स्वरलिपीत उतरविल्या. 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या ६ भागांत त्या आजही वाचावयास मिळतात. तथापि पुस्तकातील चीज गळ्यात उतरते, ती मननानेच.

एवढे करूनही ऐन वेळी विस्मरण होऊ शकते. तेव्हा थांबू नये. तबल्याचा ठेका चालूच असतो. त्याच्याकडे कान द्यावा. शब्द आठवत नसतील, तर रागाचे स्वर आकारात गात राहावे आणि मुखडा धरून समेवर यावे. मागे तंबोऱ्यावर बसलेला शिष्यही कित्येकदा विसरलेली ओळ हळूच उचलून देतो. पुढच्या आवर्तनात ती ओळ पुष्कळदा आपोआप ओठांवर येते.

विस्मरण प्रत्येक वेळी टाळता येईलच असे नाही. पण विसरल्यावर समेवर परत येणे मात्र अभ्यासाने साधते.