शरीररचनाशास्त्राचे अध्यापन : दुर्लक्षित पण हमखास मागणीचे क्षेत्र

हेदवी (ता. गुहागर) : दशभुज गणेश आणि बामणघळ यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावातील विद्यार्थ्याला डॉक्टर होण्यासाठी पूर्वी जिल्ह्याबाहेर जावे लागे. चिपळूण तालुक्यात डेरवण येथे २०१५ मध्ये आणि रत्नागिरीत २०२३ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने हे चित्र बदलले. या बदलातून रोजगाराची एक वाट खुली झाली आहे. ती म्हणजे शरीररचनाशास्त्राचे अध्यापन.

हा विषय एमबीबीएसच्या पहिल्याच वर्षी शिकवला जातो. त्यामुळे नवे महाविद्यालय रुग्णालयासाठी कितीही तज्ज्ञ जमवो, शरीररचनेच्या शिक्षकांवाचून पहिला वर्ग भरू शकत नाही. तरीही पदवीधरांचा ओढा मेडिसिन, सर्जरी, रेडिओलॉजीकडेच असतो आणि या विषयाच्या पदव्युत्तर जागा अनेकदा रिकाम्या राहतात. २०२३ मध्ये तर जागा भरण्यासाठी पदव्युत्तर प्रवेशाची पात्रता शून्य पर्सेंटाइलपर्यंत खाली आणावी लागली होती.

मार्ग सरळ आहे. इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांचे एमबीबीएस, त्यानंतर 'नीट-पीजी' आणि तीन वर्षांची एम.डी. पुढील बढत्या अध्यापनाचा अनुभव व शोधनिबंध यांवर अवलंबून असतात. आयुर्वेद पदवीधरांसाठी 'रचना शारीर' हा समांतर विषय आहे. वैद्यकीय एम.एस्सी. व पीएच.डी. केलेल्यांनाही संधी असते. मात्र त्याविषयीचे नियम वेळोवेळी बदलत असल्याने प्रवेशापूर्वी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे ताजे नियम पाहावेत.

शिक्षकाचे काम केवळ व्याख्यानाचे नाही. विच्छेदनगृहात मृतदेह फॉर्मालिनने जतन करणे, एकेक स्नायू व मज्जातंतू विद्यार्थ्यांकडून उलगडून घेणे, आणि देहदान करणाऱ्यांच्या नातेवाइकांशी संवेदनशीलतेने बोलणे हेही त्यात येते. राज्यात बेवारस मृतदेह महाविद्यालयांना देण्याची तरतूद १९४९ च्या कायद्याने केली. तरी आज या शिक्षणाला स्वेच्छेच्या देहदानाचा मोठा आधार आहे.

निर्णयापूर्वी एक गोष्ट मात्र पालकांनी व विद्यार्थ्यांनी समजून घ्यावी. येथे स्वतःचा दवाखाना नाही, रुग्णांची रांग नाही आणि प्रॅक्टिसमधून वाढणारे उत्पन्नही नाही. त्याऐवजी ठरावीक वेतन, बहुतांशी निश्चित वेळ आणि आपत्कालीन रात्रपाळीपासून मुक्तता मिळते. गावात दवाखाना थाटण्याचे स्वप्न असणाऱ्याने या वाटेला न जाणेच बरे. ज्याला शिकवण्यातच समाधान आहे, त्याला मात्र आता आपल्याच जिल्ह्यात राहून पुढचे डॉक्टर घडवता येतील.