छपराला खिडकी, पाण्याला वाट

जुन्या स्पोर्ट्‌स कारचे सनरूफ गळू लागले, की मालक बहुधा एकच उपाय करतो. सरकत्या झाकणाच्या कडेची पट्टी बदलतो. नवी पट्टी बसते, पैसे जातात आणि पुढच्या पावसात आसन पुन्हा ओले होते. असे का व्हावे?

उदाहरणादाखल जर्मनीतल्या श्टुटगार्टची पोर्शे ९११ घेऊ. १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ही गाडी प्रथम लोकांसमोर आली. तिच्या जुन्या गाड्यांतले विजेवर चालणारे पोलादी सनरूफ आजही हौशी मंडळी दुरुस्त करून वापरतात. या झाकणाची पट्टी पाणी पूर्णपणे अडवावे म्हणून नसतेच. ती वारा आणि बरेचसे पाणी थोपवते. उरलेले पाणी झाकणाखालच्या पन्हळीत उतरते आणि कोपऱ्यांतल्या नळ्यांमधून गाडीखाली जाते. पाने-धुळीने नळी तुंबली, की पन्हळ भरते आणि पाणी आत सांडते. जुन्या पत्र्यात ते साचून राहिले, तर गंज धरतो. सत्तरच्या दशकाच्या मध्यापूर्वीच्या गाड्यांना तर पुढच्या गाड्यांसारखा जस्ताचा मुलामाही नाही. म्हणून सुटे भाग मागवण्याआधी पन्हळीच्या प्रत्येक कोपऱ्यात पेलाभर पाणी ओतून ते खाली येते का, हे पाहावे. नळी तुंबली असेल तर नायलॉनची लवचिक तार हलक्या हाताने सरकवावी. जोराच्या हवेने नळी आतल्या आत निसटण्याची भीती असते.

आता झाकण चालते कसे ते पाहू. छपराच्या मागच्या बाजूला मोटार असते. ती एक दातेरी चाक फिरवते. चाकाच्या दोन बाजूंना दोन केबल असतात. प्रत्येकीवर मळसूत्रासारखी तार गुंडाळलेली असते आणि चाकाचे दाते तिच्या वेटोळ्यांत अडकतात. एक केबल झाकणाची डावी बाजू ओढते, दुसरी उजवी. जुने ग्रीस वाळून घट्ट झाले, की झाकण जड चालते, दाते घसरू लागतात आणि वेटोळी झिजतात. मग एक बाजू पुढे, दुसरी मागे, असे झाकण तिरके होऊन अडकते.

म्हणून केबल नेहमी जोडीने बदलाव्यात. एक नवी आणि एक झिजलेली घातली, तर झाकण पुन्हा तिरके होण्याचा धोका राहतो. जुने ग्रीस पुसून सरकपट्ट्या आधी स्वच्छ कराव्यात. नंतर दोन्ही बाजू मोजून अगदी एकसारख्या जागी आणाव्यात आणि मगच दातेरी चाक जोडावे. मोटार सुरू करण्याआधी झाकण हाताने पूर्ण मागे-पुढे नेऊन पाहावे. कुठे अडले तर ते हाताला कळते, मोटारीला कळत नाही.

शेवटी उंची जुळवायची. झाकणाची पुढची कड छपराला समतल किंवा किंचित खाली असावी, मागची कड समतल किंवा किंचित वर. हा फरक जेमतेम एक मिलिमीटरचा. पुढची कड वर राहिली, तर वारा तिच्यावर आदळतो आणि वेग वाढला की शिट्टी वाजू लागते.

आज आपल्याकडच्या साध्या गाड्यांनाही सनरूफ येते. पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांची योजना त्यांतही असते आणि आपला पाऊस तर चार महिन्यांचा. तेव्हा पावसाळ्याआधी घराच्या गच्चीचे पाइप जसे साफ करतो, तशाच या नळ्याही तपासून घ्याव्यात. पेलाभर पाणी ओतायला पैसे पडत नाहीत. भिजलेले आसन आणि गंजलेला पत्रा मात्र खिशाला भारी पडतात.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)