राजसत्ता आणि न्यायसत्ता : मुंबईंतील एक जुना वाद

राज्यकारभाराचीं तीन अंगें मानण्याचा प्रघात आहे. एक अंग कायदे करतें, दुसरें ते अंमलांत आणतें आणि तिसरें त्या कायद्यांप्रमाणें न्याय देतें. हीं तिन्ही अंगें एकाच हातांत एकवटलीं तर प्रजेचें स्वातंत्र्य शिल्लक राहत नाहीं, हा सिद्धांत माँतेस्क्यू या फ्रेंच पंडितानें १७४८ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत मांडला, आणि अमेरिकेच्या १७८७ च्या राज्यघटनेंत त्याला प्रत्यक्ष रूप मिळालें. सुशिक्षितांना हा सिद्धांत नवा नाहीं. परंतु सत्ता कागदावर वांटून दिली म्हणजे सर्व प्रश्न सुटले असें होत नाहीं. खरी अडचण त्यापुढेंच उभी राहते. न्यायाधीशानें हुकूम दिला आणि ज्याच्या हातीं शिपाई व फौज आहे त्या सरकारनें तो मानण्याचें नाकारलें, तर काय व्हावें? उलटपक्षीं न्यायाधीशच आपल्या अधिकाराची मर्यादा ओलांडीत असेल, तर त्याला कोणीं आणि कोणत्या मार्गानें थांबवावें? १८२८-२९ सालीं हे दोन्ही प्रश्न मुंबई शहरांत एकाच वेळीं उभे राहिले, आणि त्याला निमित्त झाला पुण्याचा एक चौदा वर्षांचा मुलगा.

त्या वेळच्या राज्यव्यवस्थेची थोडी कल्पना असल्याशिवाय हा वाद नीट ध्यानांत यावयाचा नाहीं. मुंबई इलाख्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या वतीनें गव्हर्नर आणि त्याचें कौन्सिल पाहत असे. कायदे तेच करीत आणि त्यांची अंमलबजावणीहि तेच करीत. मुंबईबाहेरील मुलखांत न्याय देणाऱ्या अदालतींचे न्यायाधीश कंपनीचेच नोकर होते. म्हणजे कायदा, अंमल आणि बव्हंशीं न्याय या तिन्ही सत्तांचा उगम एकाच ठिकाणीं होता. याला अपवाद एकच होता. इंग्लंडच्या राजाच्या १८२३ मधील सनदेनें मुंबईंत सुप्रीम कोर्ट स्थापन झालें आणि १८२४ पासून तें काम पाहूं लागलें. तेथील न्यायाधीश राजानें नेमलेले असत. त्यांना दूर करणें गव्हर्नराच्या हातीं नव्हतें. साहजिकच कंपनी सरकार आणि हें कोर्ट यांच्यांत प्रारंभापासून कुरबुरी होत्या. पहिले मुख्य न्यायाधीश सर एडवर्ड वेस्ट यांनीं शहरांतील मॅजिस्ट्रेटांच्या बेकायदा फटक्यांच्या शिक्षांना आळा घातला, तेव्हांपासून सरकारी वर्तुळांत त्यांच्याविषयीं नाराजी होती. ऑगस्ट १८२८ मध्यें वेस्ट निवर्तले. सर चार्ल्स चेंबर्स आणि नुकतेच आलेले सर जॉन पीटर ग्रँट असे दोनच न्यायाधीश मागें राहिले.

याच सुमारास दोन प्रकरणें कोर्टापुढें आलीं. कंपनीच्या अदालतीनें शिक्षा दिलेला बापू गणेश नांवाचा एक कैदी ठाण्याच्या तुरुंगांत होता. दुसरें प्रकरण मोरो रघुनाथ या पुण्याच्या मुलाचें. त्याला त्याचे आप्त व पालक पांडुरंग रामचंद्र यांनीं बेकायदा अडकवून ठेविलें आहे, अशी तक्रार होती. दोन्ही प्रकरणांत सुप्रीम कोर्टानें हेबिअस कॉर्पसचा हुकूम काढला. इंग्रजी कायद्यांतील हा फार जुना हुकूम आहे. ज्याला अडकवून ठेविलें आहे त्याला न्यायासनापुढें हजर करा आणि त्याला अडकविण्यास कायद्याचा आधार काय तें दाखवा, एवढाच त्याचा मथितार्थ. तो ज्याच्यावर निघतो तो मनुष्य तुरुंगाचा अधिकारी असो वा खासगी गृहस्थ असो, त्याला न्यायासनापुढें जाब द्यावाच लागतो.

गव्हर्नर सर जॉन माल्कम यांना हे हुकूम मान्य नव्हते. त्यांची बाजूहि पोकळ नव्हती, हें सांगितलें पाहिजे. पेशवाई १८१८ सालीं बुडाली, त्याला जेमतेम दहा वर्षें झालीं होतीं. दक्षिणेंतील सरदारांना सामान्य अदालतींपासून मोकळे ठेवून त्यांच्यासाठीं स्वतंत्र व्यवस्था करण्याचें धोरण कंपनीनें स्वीकारलें होतें, आणि पांडुरंग रामचंद्र हे त्याच मानाच्या वर्गांतले होते. मुंबई बेटावरील कोर्टाचा बेलीफ पुण्यांतील वाड्याच्या दारांत जाऊन उभा राहिला, तर दिलेल्या वचनांवरचा सरदारांचा विश्वास उडेल, अशी माल्कम यांना धास्ती होती. शिवाय कोर्टाच्या सनदेप्रमाणें त्याचा अधिकार पुण्यापर्यंत पोहोंचतो कीं नाहीं, हा प्रश्नहि खरोखरीच वादग्रस्त होता.

प्रश्न खरा असला तरी तो सोडविण्याचा जो मार्ग माल्कम यांनीं धरला त्यानें सगळें प्रकरण चिघळलें. ३ ऑक्टोबर १८२८ रोजीं गव्हर्नर व कौन्सिल यांनीं न्यायाधीशांना एक पत्र पाठविलें. वरिष्ठांकडून निर्णय येईपर्यंत अशा प्रकारचे हुकूम काढूं नयेत, असा त्याचा आशय होता. न्यायाधीशांनीं त्या पत्राचा प्रकार उघड न्यायासनावरून जाहीर केला. सरकारला कांहीं म्हणावयाचें असेल तर इतर कोणत्याहि पक्षकाराप्रमाणें त्यानें वकिलामार्फत कोर्टापुढें यावें. या कोर्टांत कंपनीला हलक्यांतल्या हलक्या फिर्यादीहून अधिक मान मिळावयाचा नाहीं, असें त्यांनीं बजाविलें. पुढच्याच आठवड्यांत, १३ ऑक्टोबरला, चेंबर्स मरण पावले आणि ग्रँट एकटे उरले. मोरो रघुनाथाला हजर करण्याचा हुकूम पुण्यांत पाळला गेला नाहीं, आणि तो बजावण्याच्या कामीं मदत देण्यास सरकारनें नकार दिला. कोर्टाजवळ फौज नव्हती आणि खजिनाहि नव्हता. होता तो केवळ शब्द. तो शब्दच निष्फळ ठरत असेल तर न्यायदानाचा देखावा कशासाठीं करावयाचा, असा विचार करून १ एप्रिल १८२९ रोजीं ग्रँट यांनीं कोर्टाचे दरवाजेच बंद केले. कोर्टाच्या हुकमांचा मान राखला जाईल अशी खात्री मिळेपर्यंत काम चालणार नाहीं, असें त्यांनीं जाहीर केलें. एका राजधानीच्या शहरांतील सर्वोच्च न्यायासन अशा रीतीनें बंद पडलें.

न्यायाधीशांनीं इंग्लंडच्या राजाकडे अर्ज केलेला होता. तो प्रिव्ही कौन्सिलपुढें चालला आणि १८२९ च्या मध्यास त्याचा निकाल लागला. तो कोर्टाच्या विरुद्ध गेला. मुंबईबाहेरील जे लोक व्यक्तिशः सुप्रीम कोर्टाच्या अधिकाराखालीं येत नाहींत त्यांच्यावर असा हुकूम काढण्याचा, किंवा कंपनीच्या अदालतींच्या तुरुंगाधिकाऱ्यांना जाब विचारण्याचा अधिकार या कोर्टाला नाहीं, असें ठरलें.

कथा येथेंच संपली असती तर ‘माल्कम यांचें म्हणणें बरोबर होतें’ एवढाच बोध निघाला असता. पण हा निकाल लागण्यापूर्वींच, फेब्रुवारी १८२९ मध्यें, हिंदुस्थानच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या बोर्डाचे अध्यक्ष लॉर्ड एलेनबरो यांनीं माल्कम यांना एक खासगी पत्र लिहिलें होतें. मुंबईच्या कोर्टावर दोन नवे न्यायाधीश येत आहेत. त्यांच्यामध्यें ग्रँट हे दोन माणसाळलेल्या हत्तींच्या मधोमध बांधलेल्या रानटी हत्तीसारखे होतील, असें त्यांत म्हटलें होतें. हें पत्र पुढें फुटलें आणि वृत्तपत्रांतून छापलें गेलें, तेव्हां मोठा गवगवा झाला. ग्रँट यांनीं मुंबई सोडली व पुढें ते कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टांत न्यायाधीश झाले.

दोन्ही गोष्टी शेजारीं शेजारीं ठेवून पाहिल्या म्हणजे सत्ताविभागणीचें खरें मर्म कळतें. न्यायाधीशानें मर्यादा ओलांडली तर त्याला आंवरण्याचा एक मार्ग प्रिव्ही कौन्सिलनें दाखविला. तेथें दोन्ही बाजूंचा विचार झाला आणि कारणें देऊन, उघडपणें, अधिकाराची सीमा आंखली गेली. दुसरा मार्ग एलेनबरो यांच्या पत्रांतला : न्यायाधीशाशीं वाद घालावयाचा नाहीं, त्याच्या आजूबाजूला आपल्या कह्यांतील माणसें बसवावयाचीं. दोन्ही मार्गांनीं सरकारचें काम होतें. पण पहिल्यानें कायदा बळकट होतो आणि दुसऱ्यानें तो खिळखिळा होतो. इंग्लंडमध्यें १७०१ च्या कायद्यानें न्यायाधीशांना राजाच्या मर्जींतून सोडविलें होतें. हिंदुस्थानांतील राजाचे न्यायाधीश मात्र तेव्हांहि मर्जीवरच होते, आणि म्हणूनच हत्तीची उपमा सुचूं शकली.

स्वतंत्र भारताच्या घटनेंत या दोन्ही प्रश्नांची तरतूद आढळते. हुकूम कोण पाळणार, याचें उत्तर अनुच्छेद १४४ मध्यें आहे : देशांतील सर्व मुलकी व न्यायिक अधिकाऱ्यांनीं सर्वोच्च न्यायालयाच्या साहाय्यार्थ वागलें पाहिजे. न्यायाधीश मर्जीवर राहूं नयेत म्हणून सिद्ध झालेल्या गैरवर्तनावरून किंवा असमर्थतेवरून, संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या विशेष बहुमतानेंच त्यांना दूर करतां येतें. हेबिअस कॉर्पसचा हुकूम काढण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयास अनुच्छेद ३२ नें व उच्च न्यायालयांस २२६ नें दिला आहे. ठाणें वा पुणें आतां त्याच्या कक्षेबाहेर नाहीं.

तरीहि नुसत्या तरतुदीवर भिस्त ठेवतां येत नाहीं, हें १९७६ सालीं दिसलें. आणीबाणींत स्थानबद्ध केलेल्या लोकांच्या वतीनें असेच अर्ज झाले, आणि नऊ उच्च न्यायालयांनीं ते ऐकून घेण्याजोगे ठरविले. सर्वोच्च न्यायालयानें मात्र २८ एप्रिल १९७६ रोजीं चार विरुद्ध एक अशा बहुमतानें त्यांना दार बंद केलें. भिन्न मत देणारे एकटे न्यायमूर्ति हंसराज खन्ना होते. जानेवारी १९७७ मध्यें त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश नेमण्यांत आलें, आणि त्यांनीं राजीनामा दिला. या वेळीं न्यायालयाचा दरवाजा फौजेच्या अभावीं बंद झाला नव्हता. तो आंतूनच लागला होता. पुढें १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनें आणीबाणींतहि जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य यांसाठीं न्यायालयाकडे जाण्याचा मार्ग खुला राहील असें ठरलें, आणि २०१७ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंच १९७६ चा तो निर्णय चुकीचा ठरविला. एका अंगाची चूक दुसऱ्यानें आणि कालांतरानें त्यानें स्वतःहि सुधारावी, हें अशा व्यवस्थेंत घडूं शकतें.

सत्तांनीं एकमेकींना आंवरून धरावें याचा अर्थ त्यांनीं सदैव भांडत राहावें असा नाहीं. मतभेद व्हावयाचेच. ते उघड्या न्यायासनापुढें, कारणांच्या बळावर मिटतात, कीं खासगी पत्रांनीं आणि नेमणुकांनीं मिटविले जातात, याकडे नागरिकांचें लक्ष असलें पाहिजे. ज्या मुलासाठीं मुंबईचें कोर्ट बंद पडलें त्याच्या वाट्याला त्या कोर्टाचा न्याय आला नाहीं. त्याच्यासारख्या एखाद्याला उद्यां दाद मागावीशी वाटली तर न्यायालयाचें दार उघडें असावें आणि आंत बसलेला न्यायाधीश कोणाच्याहि मर्जीचा बांधलेला नसावा, एवढ्यासाठींच सत्तेची ही वांटणी आहे.