कॅमेरा स्वतःलाच बघतो तेव्हा

सलूनमधल्या समोरासमोरच्या आरशांत आपली रांग लागते, तसाच हा प्रकार. फक्त ही रांग स्थिर राहत नाही. कॅमेरा टीव्हीला जोडायचा आणि त्याच टीव्हीच्या पडद्यावर रोखायचा. पडद्यावरचं चित्र कॅमेऱ्यात, तिथून परत पडद्यावर, सेकंदाला २५-३० वेळा. चित्रात चित्र दिसून बोगदा तयार होतो; कॅमेरा जरा कलता केला की त्याचा भोवरा होतो. ब्राइटनेस वाढला की सगळं पांढरंफटक, उतरला की काळोख. खरी गंमत मधल्या चिंचोळ्या पट्टीत. दिवे मालवून कॅमेरा आणि पडद्याच्या मध्ये आगकाडी ओढून बघा. काडी विझली तरी तिची नक्षी पडद्यावर फिरत राहू शकते.

न्यूयॉर्कमध्ये स्टाइना आणि वूडी वासुल्का या जोडप्याने १९७१मध्ये एका जुन्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात व्हिडिओच्या अशा खटाटोपांसाठी जागा थाटली. नावही तेच ठेवलं : ‘द किचन’. स्टाइना मूळची आइसलँडची व्हायोलिनवादक. तिच्या ‘व्हायोलिन पॉवर’मध्ये (१९७०-७८) गज तारेवर फिरला की पडद्यावरची तीच वाकते, थरथरते, कारण व्हायोलिनचा आवाजच विजेचा संकेत बनून चित्राला धक्के देतो. शिकागोच्या डॅन सँडिनने तर आपल्या ‘इमेज प्रोसेसर’ या चित्र बदलणाऱ्या यंत्राचे आराखडे मागेल त्याला दिले. सोल्डरिंग मात्र ज्याचं त्याने करायचं!