रेडियम संपले नाही, चमक संपली

एका स्नेह्यांच्या मुलाने लंडनच्या जुन्या बाजारातून त्यांच्यासाठी एक चावीचे मनगटी घड्याळ आणले. काळी तबकडी, पांढरे अंक, सहाजवळ सेकंदकाट्याचे छोटे वर्तुळ. तबकडीवर व मागच्या झाकणावर बाणाची खूण, झाकणावर 'डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू' ही अक्षरे. स्नेही म्हणाले, "अंधारात काहीच दिसत नाही. रेडियम संपलेलं दिसतंय. घड्याळजी म्हणतो, जुनं खरवडून नवं भरून देतो. देऊ का?"

मी घाईघाईने नको म्हटले.

बाण ही ब्रिटिश सरकारी मालाची जुनी खूण. तीन डब्ल्यू म्हणजे 'वॉच, रिस्टलेट, वॉटरप्रूफ'. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराने ठरवून दिलेल्या नमुन्यानुसार ओमेगा, लाँजिन, सायमा, व्हर्टेक्स अशा बारा कंपन्यांनी ही घड्याळे केली. बहुतेक १९४५ मध्ये लष्कराच्या हाती आली. संग्राहक त्यांना 'डर्टी डझन' म्हणतात.

आता रेडियमकडे वळू. रेडियम-२२६ चे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षे. मुलांना गणित घालून पाहा: ऐंशी वर्षांत किती उरेल? उत्तर येते जवळजवळ ९७ टक्के! मग अंधार का? कारण उजेड रेडियम स्वतः देत नाही. त्यात मिसळलेल्या झिंक सल्फाइडच्या पुडीवर अल्फा कण आदळतात आणि ती चमकते. वर्षानुवर्षे मार खाऊन ही पूडच निकामी होते. म्हणजे दिवा विझला, पण वीज चालूच आहे. खरवडले तर ती धूळ श्वासावाटे शरीरात जाते, आणि रेडियम हाडांत साठते. अमेरिकेत १९२० च्या दशकात तबकड्या रंगवणाऱ्या मुली ओठांनी कुंचल्याचे टोक करीत. त्यांपैकी कित्येकींना त्यात जीव गमवावा लागला.

हेच विज्ञान अस्सलपणा ओळखायला उपयोगी पडते. आमच्या प्रयोगशाळेतला गायगर गणक काचेजवळ नेताच टकटकू लागला. रेडियमपासून बनणाऱ्या मूलद्रव्यांचे गॅमा किरण काचेतून बाहेर येतात. मग अंधारात अतिनील विजेरी मारली. तासांच्या तपकिरी खुणा मंदशा दिसल्या आणि विजेरी बंद होताच विझल्या. काटे मात्र बराच वेळ हिरवे उजळत राहिले! म्हणजे तबकडी जुनी, काट्यांत मात्र अलीकडचे द्रव्य भरलेले. १९४५ चा रंग जर अंधारात लख्ख चमकत असेल, तर विक्रेत्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवू नये.

पण बदललेला प्रत्येक भाग खोटा नसतो, आणि इथेच नवखे संग्राहक चुकतात. लष्कराच्या दुरुस्तीशाळेला अस्सलपणाशी देणेघेणे नव्हते, घड्याळ चालले की झाले. पुढे खुद्द ब्रिटिश संरक्षण खात्यानेच यांतल्या अनेक घड्याळांना ट्रिटियमच्या तबकड्या बसवल्या. त्यांवर वर्तुळात 'टी' हे इंग्रजी अक्षर असते. ट्रिटियमचे अर्धायुष्य १२.३ वर्षे, म्हणजे साठ वर्षांत तिसावा भागच उरतो. त्याचे बीटा कणही इतके दुबळे, की काच ओलांडत नाहीत. गणक गप्प राहतो. असे घड्याळ कारखान्यातून निघाले तसे नसेल, पण लष्करी म्हणून अस्सलच आहे. माझ्या मते ते अधिक बोलके आहे.

विक्रीसाठी नव्याने रंगवलेल्या तबकडीची गोष्ट निराळी. आपल्याकडे हा उद्योग इतका चालतो, की परदेशी संग्राहकांत अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' असे नावच पडले आहे. भिंगाखाली अक्षरांच्या कडा फुगलेल्या, मिनिटांच्या रेषा कमीजास्त जाडीच्या दिसल्या, की समजावे.

स्नेह्यांनी घड्याळ तसेच ठेवले आहे. झाकण उघडायचे नाही, आणि उशाशी बंद खणात ठेवायचे नाही, एवढे दोनच नियम मी सांगितले. दुसरा नियम कशासाठी, असे त्यांनी विचारले. रेडियमपासून रेडॉन हा किरणोत्सारी वायू सतत तयार होतो. आता ते घड्याळ हवेशीर दिवाणखान्यात असते.