नाचणी-जांभळाचे गोड घावन : घरचे धान्य, हंगामाचे फळ



जून महिना उजाडला की विरार, नालासोपारा, वसई या स्थानकांबाहेर जांभळाच्या पाट्या दिसू लागतात. पाऊस स्थिरावला की त्या दिसेनाशा होतात. या थोड्या दिवसांत जेवढी जांभळे विकली जातात तेवढी जातात, उरलेली झाडाखाली सडतात. दुसरीकडे, जिल्ह्याच्या डोंगरउतारावर पिकणारी नाचणी भाकरी आणि आंबील यांपलीकडे आपल्या स्वयंपाकघरात फारशी जात नाही.

गेल्या हंगामात विरार पूर्वेकडील एका गावात बचत गटाच्या भगिनींसमोर नाचणीचे पदार्थ करून दाखविण्याचा योग आला. कार्यक्रम संपल्यावर एका भगिनीने एक पाकीट पुढे केले आणि विचारले, "सर, मुलगा ब्लूबेरी पॅनकेक मागतो म्हणून हे तयार पीठ आणले. पाकिटावर पौष्टिक लिहिले आहे. रोज दिले तर चालेल का?" पाकिटामागील बारीक अक्षरे वाचली. घटकांत पहिला मैदा, दुसरी साखर. फळाचे नाव बरेच खाली. वेष्टनावरील घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापण्याचा नियम आहे. म्हणजे जे सर्वांत जास्त ते सर्वांत आधी. त्या भगिनीच्या कोठीत नाचणी होती आणि परसात जांभळाचे झाड होते. त्या दिवशी दिलेले उत्तर येथे सविस्तर देत आहे.

ब्लूबेरी आणि जांभूळ

ब्लूबेरी हे मूळचे उत्तर अमेरिकेतील झुडुपाचे फळ. तेथे ते पूर्वी रानातूनच गोळा केले जाई. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात एलिझाबेथ व्हाइट आणि शास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी निवड पद्धतीने त्याची लागवड बसविली आणि १९१६ साली लागवडीचे पहिले फळ बाजारात आले. या झुडुपाला ४.५ ते ५.५ सामू असलेली आम्ल जमीन लागते आणि त्याच्या बहुतेक जातींना हिवाळ्यात चांगली थंडी लागते. वसईच्या दमट, उबदार हवेत ही थंडी मिळत नाही. म्हणून आपल्या बाजारातील ब्लूबेरी लांबून येते आणि महाग पडते.

जांभूळ हे वेगळ्या कुळातील फळ आहे. परंतु दोन्ही फळांचा निळा-जांभळा रंग अँथोसायनिन या एकाच गटातील रंगद्रव्यांमुळे येतो. जांभळात तुरटपणा अधिक असतो, तोही गुळाच्या सोबतीने चांगला लागतो. आपल्या पालघर तालुक्यातील बहाडोलीचे जांभूळ टपोऱ्या फळासाठी प्रसिद्ध असून त्याला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. दापोली येथील कोकण कृषि विद्यापीठाने 'कोकण बहाडोली' ही मोठ्या फळाची जातही दिली आहे. अमेरिकेत रानफळातून निवड करून पीक उभे राहिले, तसेच काम आपल्याकडे जांभळात सुरू आहे.

नाचणी कशासाठी?

धान्य अख्खे वापरणे म्हणजे दाण्याचा कोंडा, कोंब आणि आतील पिष्ठ हे तिन्ही भाग पिठात राहणे. मैद्यात कोंडा आणि कोंब काढून टाकलेले असतात. नाचणीचा दाणा इतका बारीक की ती बहुधा अख्खीच दळली जाते, हा तिचा मोठा फायदा.

१०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच पॉलिश केलेल्या तांदळात ते १० मिलिग्रॅमही नसते. तंतुमय पदार्थ नाचणीत सुमारे ११ टक्के, मैद्यात ३ टक्क्यांहून कमी. नाचणीतील कॅल्शियमचा मोठा वाटा दाण्याच्या सालीत असतो. म्हणून मोठ्या माणसांसाठी पीठ वस्त्रगाळ करून चाळ टाकून देणे म्हणजे पैसे देऊन घेतलेला गुण फेकून देणे होय. अगदी लहान बाळाचे सत्त्व मात्र गाळूनच करावे.

भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. तेव्हापासून शहरात नाचणीला मागणी वाढली आहे. ही चांगली गोष्ट आहे. मात्र नाचणी पिकविणाऱ्या बांधवांनी वर्षाची घरची गरज आधी बाजूला काढावी आणि उरलेली विकावी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. ज्या घरात सकस धान्य पिकते त्या घरातील बायका-मुलांच्या ताटात ते आधी पडले पाहिजे.

पिठाची तयारी

१) नाचणीची मळणी मातीच्या खळ्यावर केली तर बारीक खडे दाण्यात मिसळतात व पदार्थ कचकचतो. मळणी ताडपत्रीवर करावी. विकत घेतलेली नाचणी दोन-तीन पाण्यांतून रोळून घ्यावी आणि कडक वाळवावी.

२) नीट वाळविलेली नाचणी कीड न लागता दीर्घकाळ टिकते, पीठ मात्र तेवढे टिकत नाही. म्हणून दोन-तीन आठवड्यांपुरतेच दळावे. पावसाळ्यात त्याहूनही कमी दळावे.

३) सवड असल्यास थोड्या नाचणीला मोड आणावेत. धान्य रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात एक दिवस बांधून ठेवावे, बारीक मोड दिसताच सावलीत वाळवावे, मंद भाजून दळावे. मोड आल्याने धान्यातील लोह व कॅल्शियम शरीराला अधिक मिळते. परंतु अशा पिठाने मिश्रण सैल पडते, म्हणून एकूण नाचणीच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त घेऊ नये.

गराची तयारी

जांभळाची फांदी ठिसूळ असते. झाडावर चढून फळे काढताना दरवर्षी अपघात होतात. म्हणून बहाडोली भागात झाडाभोवती बांबूची परांची बांधून फळे उतरवितात. एवढ्या कष्टाने उतरविलेले फळ साध्या हवेत एक-दोन दिवसच टिकते. मऊ पडलेले पण न सडलेले फळ बाजारात मागे पडते, गर काढण्यास मात्र ते उत्तम.

फळे स्वच्छ धुवावीत, सुरीने गर कापून बिया काढाव्यात. लोखंडी भांडे वापरू नये. फळातील टॅनिन व लोखंड यांचा संयोग होऊन गर काळा पडतो. स्टील किंवा काचेचे भांडे घ्यावे. गर लहान डब्यांतून, एका वेळेस लागेल तेवढाच भरून फ्रीझरमध्ये ठेवावा, म्हणजे काही महिने वापरता येतो. पावसाळ्यात आपल्याकडे वीज वारंवार जाते. वीज गेल्यावर गर पूर्ण वितळला तर तो पुन्हा गोठवू नये, शिजवून त्याच दिवशी संपवावा.

साहित्य (चार माणसांसाठी)

नाचणीचे पीठ १५० ग्रॅम, कोंड्यासह गव्हाचे पीठ ७५ ग्रॅम, आंबट ताक २५० मिलिलिटर, पिकलेले केळे १, किसलेला गूळ ३० ग्रॅम, जांभळाचा गर १५० ग्रॅम, तेल १ मोठा चमचा व तव्यासाठी थोडे, मीठ पाव चहाचा चमचा, खाण्याचा सोडा पाव चहाचा चमचा, लागेल तसे पाणी. अंडे चालत असल्यास एक घालावे.

कृती

गूळ थोड्या पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा. केळे कुस्करून त्यात ताक, गुळाचे पाणी व तेल मिसळावे. अंडे घालणार असल्यास तेही फेटून याच वेळी घालावे. दोन्ही पिठे व मीठ घालून गुठळ्या राहणार नाहीत असे कालवावे आणि अर्धा तास झाकून ठेवावे. नाचणी हळूहळू पाणी शोषते, त्यामुळे मिश्रण घट्ट होते. मग पाणी घालून ते उत्तप्प्याच्या पिठाइतके सरबरीत करावे.

तवा मध्यम तापवून तेलाचा हात फिरवावा. सोडा अगदी शेवटी, घावन घालण्याच्या वेळीच मिश्रणात ढवळावा. पळीभर मिश्रण तव्यावर घालून तळहाताएवढे, जाडसर घावन करावे. त्यावर लगेच गराचे तुकडे पसरावेत. झाकण ठेवून मंद आचेवर दोन-तीन मिनिटे होऊ द्यावे. वर छिद्रे दिसू लागली व कडा सुटल्या की उलटावे आणि दुसरी बाजू भाजावी. गरम असतानाच खावे.

नेहमी होणाऱ्या चुका

घावन तुटते : पहिल्यांदा घरी करताना आम्ही निव्वळ नाचणीचे पीठ घेतले आणि सगळी घावने तव्यावरच मोडली. गव्हात पीठ बांधून ठेवणारे ग्लुटेन असते, नाचणीत ते नसते. म्हणून थोडे गव्हाचे पीठ, केळे किंवा अंडे यांचा आधार द्यावा लागतो. गहू वर्ज्य असणाऱ्यांनी त्याऐवजी तांदळाचे पीठ घ्यावे, केळे थोडे वाढवावे व घावने लहान करावीत.

रंग हिरवट-काळपट होतो : जांभळाचे रंगद्रव्य आंबट पदार्थात लालसर राहते आणि सोड्याने निळे-हिरवे पडते. सोडा जास्त झाला किंवा ताक गोड असले की हा दोष येतो. गर मिश्रणात न ढवळता वर पसरावा तो याचसाठी.

घावन दडस होते : ताकातील आम्ल आणि सोडा यांच्या संयोगाने वायू तयार होतो व त्यानेच जाळी पडते. सोडा घालून मिश्रण तसेच ठेवले तर हा वायू निघून जातो.

बिडाच्या तव्यावर फळाची बाजू थोडी काळी दिसली तर घाबरू नये, त्याने अपाय होत नाही.

इतर महिन्यांत काय?

गर संपला म्हणून घावन बंद करू नये. वसई-आगाशी भागातील सुकेळी, म्हणजे राजेळी केळ्याची सुकविलेली केळी, बारीक कापून वर पसरावीत व गूळ निम्मा करावा. हिवाळ्यात घोलवड-डहाणूचा चिकू घ्यावा. त्याला गूळ अजिबात लागत नाही. तांदळाचे पीठ घालायचे झाल्यास वाडा कोलमची कणी दळून आणावी, तिचा चांगला उपयोग होतो.

हिशेब आणि सावधगिरी

वरील प्रमाणात दोन्ही पिठांतून प्रत्येकाला सुमारे ६ ग्रॅम तंतुमय पदार्थ मिळतात. तेवढाच मैदा घेतला तर दीड ग्रॅमच मिळतात. नाचणीतून प्रत्येकी सुमारे १३५ मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. प्रौढ माणसाची दिवसाची गरज १००० मिलिग्रॅम आहे. म्हणजे हा नाश्ता चांगला असला तरी दूध, कडधान्ये व पालेभाज्या यांची जागा तो घेत नाही. नाचणीतील लोह शरीरात कमी प्रमाणात शोषले जाते आणि जांभळातील टॅनिन त्यात आणखी अडथळा आणते. म्हणून सोबत लिंबूपाणी किंवा पेरू घ्यावा आणि चहा तासभर नंतर प्यावा. रक्तक्षयावर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या चालू ठेवाव्यात.

जांभूळ मधुमेहावर गुणकारी अशी समजूत आहे. तिच्यावर विसंबून कोणीही औषध कमी करू नये. या पदार्थात धान्य, गूळ व केळे आहे, त्यामुळे रक्तातील साखर वाढतेच. मधुमेही व्यक्तींनी गूळ वगळावा आणि एक-दोन लहान घावनांवर थांबावे. लहान मुलांच्या घासात बी राहणार नाही याची खात्री करावी.

बचत गटांना हे पीठ मिसळून विकावयाचे असल्यास कोरडे मिश्रणच विकावे, अन्नसुरक्षा नोंदणी करून घ्यावी आणि पाकिटावर नाचणी पहिली लिहिता येईल एवढी ती खरोखरच घालावी.

ज्या भगिनीने पाकीट दाखविले होते तिला आम्ही एवढेच सांगितले, की मुलाला पॅनकेक हवा आहे, तर त्याला नाही म्हणू नका. तो घरी करा आणि तव्यावर जांभूळ त्याच्याच हाताने पसरू द्या. भगिनींनो, यंदा झाडाखाली पहिली जांभळे पडू लागतील तेव्हा दोन डबे गर आधी भरून ठेवा आणि पाव किलो नाचणी दळून आणा. करून पाहा आणि काही अडचण आल्यास जवळच्या कृषि विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांना अवश्य विचारा.